भिंतीला आलेलं पोट

खोक्यात सात वस्तू होत्या: प्रोजेक्टर, पॉवरची वायर, रिमोट, एचडीएमआयची वायर, लेन्स पुसायचं फडकं, एका पिशवीत चार स्क्रू आणि अकरा पानांचं माहितीपत्रक. रिमोटमध्ये सेल नव्हते. दुसऱ्या, लहान खोक्यात स्ट्रीमिंग स्टिक, तिचा रिमोट, दोन सेल, अ‍ॅडॉप्टर आणि वीतभर वायर. हॉलमध्ये खिडक्या दोन, प्लगचा बोर्ड एक, त्यावर सॉकेट दोन. एकात कूलर, एकात टीव्ही. पूर्वेच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांचे फोटो आहेत, म्हणून ती भिंत मी हिशेबात धरली नाही. उत्तरेची रिकामी होती. रुंदी तीनशे बहात्तर सेंटीमीटर, उंची दोनशे नव्वद, रंग फिकट निळा. माणसं तीन होती आणि त्यांपैकी बसलेली दोन.

तिसरे, म्हणजे बाबा, त्याच उत्तरेच्या भिंतीला गाल टेकवून उभे होते. उजवा डोळा मिटून ते भिंतीच्या अंगावरून नजर सरळ पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत नेत होते.

"वाढलं," ते म्हणाले. "गेल्या हप्त्यापासून बोटभर तरी वाढलं."

"आली का बाई तुमची पोरगी इतक्या उन्हाची अमरावतीहून," आई मला पाणी देत त्यांना म्हणाली, "तिच्याकडे तं पाहा. भिंत काय पळून जाते का?"

"पळून नाई जात. पडते."

या भिंतीसाठीच मी आले होते. बुधवारी आईचा फोन आला होता. "तुहे बाबा भिंत पाडून राहिले. सोमवारी सकाळी मिस्त्री येते. मले काई सुचत नाई." तीन महिने झाले, बाबा म्हणत होते की भिंतीला मधोमध पोट आलं आहे. आमच्याकडे हे कुणालाच अशक्य वाटत नाही. जुन्या शहरातलं आमचं घर काळ्या मातीवर आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरची घरं तिच्याबरोबर हलतात. दारं एप्रिलमध्ये अडकतात, जुलैत आपोआप सुटतात. कोपऱ्यातल्या तड्यांवर दर दिवाळीला पुट्टी भरायची, हे आम्ही घराच्या वयाइतकंच मान्य केलेलं आहे. भिंतीला पोट आलं म्हटल्यावर कुणी विचारत नाही, कशावरून? विचारतात, किती?

आणि सांगणारे बाबा होते. देवमन तायडे, भूमी अभिलेख खात्यात एकतीस वर्षं मोजणीदार. मूर्तिजापूर तालुक्यात त्यांनी दुर्बिणीतून न पाहिलेला बांध शोधावा लागेल. आमच्या घरात खिळा ठोकायचा असला तरी पद्धत मोजणीचीच असते. बाबा समोर खुर्चीत बसतात, आपण हातोडी घेऊन भिंतीशी. 'डावीकडे. अजून. दोन सूत खाली. बस.' 'बस' म्हटलं की ठोकायचं. झेंडा धरणारा माणूस स्वतः रेघ पाहत नाही. दुर्बिणीशी असलेला सांगेल तिथे झेंडा रोवतो. मी चौथीत असल्यापासून झेंडा धरते आहे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले, अमरावतीच्या राजापेठेत क्लासमध्ये प्रकाश आणि भिंगं शिकवते, तरी घरात माझ्या डोळ्याला मत नाही, आणि ते मला कधी खटकलंही नाही.

मला वाटत होतं, बाबा रिकामे आहेत. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, मोजायला काही उरलं नाही म्हणून घर मोजतात. आई म्हणाली होती की आता ते टीव्हीसमोरही बसत नाहीत, पाच मिनिटांत उठून भिंतीपाशी जातात. म्हणून पगारातून जो सगळ्यात स्वस्त प्रोजेक्टर आला तो घेतला. त्यांना आवडतील असे क्रिकेटचे जुने सामने त्याच भिंतीवर लावायचे, सात फुटांचे. त्यांचं मन तिथे लागलं तर सोमवारचा मिस्त्री पुढे ढकलता येईल, असा माझा बेत. भिंत पाडली तर आई-बाबांना भर उन्हाळ्यात स्वयंपाकघरात राहावं लागणार होतं, आणि छताचं एक टोक त्याच भिंतीवर होतं.

टीव्हीचा प्लग काढला. टीपॉयवर स्टूल, स्टुलावर माझी बारावीची दोन पुस्तकं, त्यावर प्रोजेक्टर. खिडक्यांवर आईने गोधड्या टांगल्या. खोक्यावर प्रकाशाचा आकडा नऊ हजार छापला होता. फोनवरच्या अ‍ॅपने भिंतीवर नऊ ठिकाणी मोजून हिशेब केला तेव्हा तो दोनशेच्या थोडा खाली आला. निळ्या भिंतीवर चित्र निळसर पडत होतं, म्हणून सेटिंगमध्ये लाल वाढवला. स्टिक आमचं वायफाय ओळखत नव्हती, मग ओळखू लागली, मग म्हणाली, अपडेट करायचं आहे, थांबा.

थांबण्यात अडतीस मिनिटं गेली. तेवढ्यात बाबा सहा वेळा उठले. दोनदा भिंतीपाशी, एकदा टाकी भरली का पाहायला, एकदा फाटकाला कडी लावायला, एकदा तीच कडी काढायला. सहाव्यांदा नुसतेच उभे राहिले.

"बाबा, बसा नं."

"बसलोच हाये."

"उभे हायेत तुमी."

"मंग तुही मशीन लवकर चालू कर."

शेजारच्या चतुराबाई हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन दारात आल्या. "टाकीज टाकली का वं माया? तिकीट किती?" त्यांनी आईला विचारलं.

"तुमाले फुकट," आई म्हणाली. "कोथिंबीर ठेवा अन् बसा."

अपडेट संपलं. आधी चित्र चौकोनात आणायचं होतं. त्यासाठी प्रोजेक्टरमध्ये एक जाळी असते: उभ्या-आडव्या पांढऱ्या रेघा, सारख्या चौकटी, मधोमध एक ठिपका. मी ती लावली आणि सवयीने भिंतीशी जाऊन उभी राहिले. बाबांची खुर्ची प्रोजेक्टरच्या लगेच मागे होती, त्यांचं डोकं लेन्सच्या जेमतेम वीतभर वर. भिंतीपासून अंतर तीन मीटर. रिमोट माझ्या हातात, डोळा त्यांचा.

"वरची बाजू आवळ," ते म्हणाले. "अजून. जास्त झालं, सोड. बस." कडा चौकोनात आल्या. मग ते पुढे झुकले आणि त्यांचा आवाज बदलला. "हे पाह्य. पाह्य माया! मशीनच सांगून राहिली आता. कडेच्या रेघा सरळ हायेत, अन् मधात पाह्य कशा फाकल्या. पोट!"

मी पाहिलं. मला रेघा सरळ दिसल्या.

"मले तं सरळच दिसतात बापा," चतुराबाई म्हणाल्या.

"तुले? मागच्या साली म्हैस घेऊन नालीत गेली तं तुले नाली दिसली नाई."

"म्हैस पुढं होती ना भाऊ, मी मागं होती!"

सगळे हसले, मीही हसले. आणि हसता हसता मी माझ्या डोळ्यांवरच शंका घेतली. बाबांना अर्धं सूत दिसतं. मला काय दिसणार? मला तर वाटलं, बरं झालं. रेघा टाकून पोट मोजायची ही चांगली पद्धत आहे, फुगवटा किती ते आकड्यात काढू. मी डावीकडून आणि उजवीकडून फोटो काढले.

बाबा पुढची वीस मिनिटं हलले नाहीत. जाळीकडे बघत बसले. क्रिकेट लावू का विचारलं तर म्हणाले, "राहू दे. ह्या रेघाच राहू दे. सोमवारी प्रीतम मिस्त्री आला की त्याले दाखवतो. तो मले म्हने, देवमनदादा, मले तं पोट दिसत नाई."

म्हणजे मी भिंत वाचवायला आणलेली वस्तू भिंतीविरुद्ध साक्ष देत होती.

रविवारी सकाळी मी ओळंबा लावला. वरच्या खिळ्याला दोरा, खाली बाबांचंच जुनं पितळी वजन. दोरा भिंतीपासून सुटा लोंबत होता. दर तीस सेंटीमीटरवर पट्टीने भिंत आणि दोऱ्यातलं अंतर घेतलं. एकवीस मिलिमीटर, एकवीस, बावीस, एकवीस, वीस, एकवीस, एकवीस, बावीस. पोट असतं तर मधलं अंतर कमी यायला हवं होतं.

"बाबा, भिंत ओळंब्यात हाये."

ते खुर्चीतून पाहत होते. "दोरा पाह्य ना. दोराच वाकून राहिला मधात."

"दोऱ्याले वजन हाये बाबा, तो कसा वाकंल?"

"कूलरचं वारं."

मी कूलर बंद केला. दोरा स्थिर होऊन थांबला.

"अजून वाकडाच हाये," बाबा म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

"असंच करतात," आई हलक्या आवाजात म्हणाली. "जेवता जेवता उठतात. परवा म्हने दाराची चौकट वाकली. काल म्हने माहा चेहरा मधातच बसला. मी म्हटलं, पन्नास वर्षांची झाली, चेहरा बसन नाई तं काय?"

दुपार झाली तरी मला दहा मिनिटंही एका जागी बसवेना. पाचच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून राजापेठ गाठायचं होतं, सोमवारी सकाळी सातला बॅच, आणि त्याच सकाळी आठला इथे प्रीतम मिस्त्री पहार घेऊन येणार. मी कालचे फोटो काढून फोनवर पट्टी धरली. डावीकडून काढलेल्यात रेघा सरळ. उजवीकडून काढलेल्यातही सरळ. मग वर्गासाठी किरणाकृती काढायला वही घेतली, म्हणजे हाताला काही काम मिळेल. एक लेन्स, लेन्समधून निघणारे किरण, पुढे पडदा. पडदा मी मुद्दाम वाकडा काढला, पोट आलेला, आणि किरण त्याच्यापर्यंत नेले.

तेव्हा दिसलं. हे मला कालच दिसायला हवं होतं.

प्रोजेक्टरमधून निघालेली सरळ रेघ वाकड्या भिंतीवर वाकडी पडते हे खरं. पण ती वाकडी दिसते ती बाजूला उभं राहून पाहणाऱ्याला. ज्याचा डोळा लेन्सच्या जागीच आहे, त्याच्यासाठी प्रकाश ज्या रेषेने गेला त्याच रेषेने परत येतो. भिंत कितीही फुगलेली असो, त्याला रेघ सरळच दिसते. काल हॉलमध्ये अशा जागी एकच माणूस बसला होता. पोट खरं असतं तर ते मला, आईला, चतुराबाईंना दिसलं असतं, आणि बाबांना दिसलं नसतं.

मी वही मिटली आणि बाबांना शोधायला गेले. ते अंगणात स्कूटरजवळ उभे होते. सीटवर हात होता, किल्ली लावलेली नव्हती.

"या बाबा. जाळी पुन्हा लावायची हाये."

"आता कायले?"

"मिस्त्रीले दाखवाची हाये नं. नीट करून ठेवू."

खोटं बोलले. गोधड्या पुन्हा टांगल्या, जाळी लावली. बाबा खुर्चीत बसले. पोट कुठे आहे विचारलं. "तेच, ठिपक्यापाशी." मी स्टूल थोडं फिरवलं आणि अख्खी जाळी हातभर डावीकडे सरकवली.

"आता?"

"ठिपक्यापाशी."

उजवीकडे सरकवली. ठिपका आता दाराच्या चौकटीजवळ, कोपऱ्यात होता. तिथे भिंत दगडी खांबाला लागून आहे. तिथे ती फुगूच शकत नाही.

"आता कुठी हाये बाबा?"

त्यांनी खांबाकडे पाहिलं, ठिपक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठिपक्यापाशी."

"डावा डोळा झाका."

त्यांनी झाकला. बाबा दुर्बिणीला नेहमी डावा डोळा लावत आले. उजव्यात मोतीबिंदू आहे, तो पिकला की काढू असं चार वर्षांपासून चाललं आहे. "धुकं हाये," ते म्हणाले. "धुक्यावानी. पन रेघा..." थांबले. "सरळ हायेत."

"आता उजवा झाका."

त्यांनी हात बदलला, आणि लगेच हात खाली घेतला.

"म्हंजे काय?" आई दारातून मला म्हणाली. "आचल, म्हंजे काय वं?"

"म्हंजे माही नजर वाकडी हाये, भिंत नाई," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "असंच म्हनून राहिली ना तू? एकतीस वर्षं! कोर्टात माहा नकाशा चालला, समोरच्या वकिलानं बोट ठेवलं नाई. अन् तू मले हातात रिमोट घेऊन सांगते?"

"मी नाई सांगत बाबा. ठिपका सरकवला तं पोटही सरकलं. भिंत कशी सरकंल?"

ते उठले. मला वाटलं पुन्हा बाहेर जातील. ते भिंतीकडे गेले. ओळंबा अजून तिथेच होता. त्यांनी दोरा पाहिला नाही. डोळे मिटले, अंगठ्याचं पेर भिंत आणि दोरा यांच्या मध्ये घातलं आणि वरून खाली आणू लागले. छातीच्या उंचीवर, जिथे पोट असायला हवं, तिथे थांबले. अंगठा अडकला नाही आणि सैलही झाला नाही. गुडघे वाकवून त्यांनी तो जमिनीपर्यंत नेला. मग उभे राहून वरून खाली पुन्हा एकदा.

डोळे उघडून त्यांनी हात धोतरावर पुसतात तसा पँटवर पुसला.

"सारखंच हाये," ते म्हणाले.

आई काही बोलायला गेली. मी मानेनेच नको म्हटलं.

"स्कूटर," बाबा म्हणाले. "मंगळवारी तुले मागं बसवून बार्शीटाकळीले नेलं होतं माया. रस्त्यात दोनदा खड्डा चुकवला. खड्डा नव्हताच तिथं. तू म्हने, काहून असे नागमोडी चालवता?"

"म्हटलं होतं," आई म्हणाली.

"प्रीतमले फोन कर. येऊ नको म्हन."

आईने फोन हातात घेतला, पण लावला नाही. आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अन् हे बरं होते का?"

मी खरं तेच सांगितलं. रेघा वाकड्या दिसणं म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचं काहीतरी, एवढंच मला माहीत आहे. मी डॉक्टर नाही. लवकर गेलं तर इंजेक्शनं असतात, उशीर झाला तर नसतात. अमरावतीला पडदा पाहणारे डॉक्टर आहेत, माझ्या खोलीपासून पायी जाता येतं.

"मोतीबिंदू पिकल्यावर दोन्ही संगच दाखवू," बाबा सवयीने म्हणाले.

"नाई," मी म्हटलं. त्यांच्या वाक्यावर असं 'नाई' मी या घरात पहिल्यांदा म्हटलं असेन. "आज पाचच्या गाडीनं. तुमी दोघंही."

ते खुर्चीत बसले. त्यांची बोटं खुर्चीच्या दांड्यावर काहीतरी मोजत होती. "तिथं जाऊन सांगू काय? डॉक्टर विचारन, काय होते? मी म्हनू, सायेब, भिंतीले पोट आलं?"

"रेघा वाकड्या दिसतात म्हना."

"किती वाकड्या? कुठून कुठवर? हप्त्यानं वाढलं का कमी झालं, हे त्याले कसं कळन?" ते पुढे झुकले. "एखादा शेतकरी यायचा, म्हने सायेब शेजाऱ्यानं बांध कोरला. मी म्हनो, कोरला म्हनू नको, किती कोरला सांग. पेन्सिल घे."

"बाबा, अर्ध्या तासात निघावं लागंल."

"तं लवकर घे. माया, इकडे ये, माह्या उजव्या डोळ्यावर हात धर. दाबू नको."

आईने मागे उभं राहून तळहात धरला. मी स्टूल पूर्वीच्या जागी आणलं, जाळी भिंतीच्या मधोमध घेतली, खुर्चीच्या पुढच्या पायांपासून भिंतीपर्यंत टेप टाकला, त्यांचं डोकं तीन मीटरवर येईल अशी खुर्ची सरकवली. मग पेन्सिल घेऊन भिंतीशी गेले.

"ठिपक्यावरून नजर हलवायची नाई बाबा. मी पेन्सिल बाहेरून आत आनते. रेघ वाकायला लागली की सांगा."

"मले शिकवते," ते म्हणाले. "चाल."

मी उजव्या कडेवरून पेन्सिल आत नेऊ लागले. माझी सावली जाळीवर पडू नये म्हणून अंग चोरून, हात लांब करून. खोलीत पंखा नव्हता, कूलर बंद होता, आईच्या कोपरावरून घाम ओघळत होता आणि ती हलत नव्हती.

"अजून," बाबा म्हणाले. "अजून. सावकाश. बस."

मी खूण केली. मग वरून, मग डावीकडून, मग खालून, मग चारही तिरप्या दिशांनी. दोनदा त्यांनी 'बस' म्हणून लगेच 'नाई, मागं घे, सूतभर' म्हटलं. एकदा मी वळून पाहिलं, तर ते ठिपक्याकडेच पाहत होते. खालच्या बाजूची एक खूण ते पुन्हा पुन्हा बदलत राहिले. "इथं नुसती वाकत नाई," ते म्हणाले, "इथं थोडी तुटते. ते वेगळं लिहिजो."

मी वेगळं लिहिलं. आठ खुणा झाल्या. त्या पेन्सिलने जोडल्या. एक ओबडधोबड गोल तयार झाला, खालून थोडा चपटा. बाबा म्हणाले, एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्यांदा घे, आणि पहिल्या खुणा मला दिसू नयेत असं कर. मी जाळी वीतभर वर सरकवली आणि सगळं पुन्हा केलं.

आईने हात काढला आणि प्रीतमला फोन लावला. मी टेप लावला आणि वहीच्या नव्या पानावर, तारीख आणि वेळ घालून, खाली लिहिलं.

डावा डोळा. अंतर ३०० सेंटीमीटर. पहिली मोजणी: रुंदी ३४ सेंटीमीटर, उंची २६. दुसरी मोजणी: रुंदी ३५, उंची २६.